फिर्यादीत नसलेला ठेकेदार

रस्ते अपघाताची फिर्याद आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघते. ‘सदर इसमाने आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून...’ नाव, गाव, गाडीचा नंबर तेवढा बदलतो. गेल्या पावसाळ्यात अशी एक प्रत माझ्या हातात आली. तिचा शेवट होता, ‘स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला.’ मयत म्हणजे आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्याकडे मोहल्ल्यातले असले कागद येतातच. कधी सातबारा, कधी बँकेची नोटीस. हा कागद मात्र वाचून दाखवताना जीभ अडखळली.

झाले होते ते असे. रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते. मोरीसाठी अर्धा रस्ता खोल खणून ठेवला होता. रात्री पाऊस, रस्त्यावर दिवे नाहीत. खड्ड्यापाशी एक प्लास्टिकचा ड्रम आणि तुटलेली लाल-पांढरी पट्टी. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तिथे लोखंडी बॅरिकेड, चमकणारे बाण आणि ‘सावधान’चा फलक, सगळे हजर झाले. पंचनामा त्यानंतर झाला. त्यात खड्ड्याबद्दल चारच शब्द होते, ‘रस्त्याचे काम चालू आहे’. सातवीच्या मुलांना मी कर्ता ओळखायला शिकवतो. या वाक्यात कर्ता आहे ‘काम’. ते आपोआप चालते. खणणारा कोणी नाही, उघडे ठेवणारा कोणी नाही.

कायद्यात मात्र तो आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ घातले गेले. रस्त्याचे डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ज्याच्याकडे आहे तो अधिकारी, ठेकेदार, सल्लागार किंवा सवलतधारक यांनी ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. आपल्या कायद्यात ठेकेदाराचे नाव इतके स्पष्ट घेतले गेले याचे मला समाधान वाटले, पण पुढची ओळ वाचेपर्यंतच. दंड जातो मोटार वाहन अपघात निधीत, घरच्यांच्या हातात नाही. आणि कोट्यवधींच्या कामात लाखभर रुपये म्हणजे डांबराच्या एखाद-दोन गाड्या.

निकषही काही गुपित नाहीत. काम चालू असलेल्या रस्त्यावर वाहतूक कशी सांभाळायची याची इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी पुस्तिकाच आहे. आधी सूचनेचा टप्पा, मग गाड्या वळवण्याचा, मग प्रत्यक्ष कामाचा. म्हणजे खड्डा दिसण्याच्या कितीतरी आधी माणसाला तो कळला पाहिजे.

अपघात दावा न्यायाधिकरणाची वाटही सोपी नाही. तिथला दावा मुख्यतः धडक देणाऱ्या गाडीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर चालतो. एकटा माणूस आपल्याच गाडीसकट खड्ड्यात पडला, तर समोर उभे कोणाला करायचे?

चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस घरी आला. पाकिटात पन्नास हजार आणि सोबत टाइप करून आणलेला स्टॅम्पपेपर, ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’. मुलीचे चाचा थकलेले होते. म्हणाले, “सर, तकदीरमध्ये होतं ते झालं. भांडून माणूस परत येतो का?”

तकदीरवर माझेही ईमान आहे. पण हे वाक्य नेमके ठेकेदाराच्या सोयीचे कसे पडते, याचा राग येतो. मौत लिहिलेली असते म्हणून दियत माफ होते, असे आपल्या फिकहने कधी मानले नाही. सार्वजनिक रस्त्यावर खड्डा किंवा विहीर खणणाऱ्याची जबाबदारी हा तर हनफी ग्रंथांतला ठरलेला विषय. उस्मानी सल्तनतीने एकोणिसाव्या शतकात दिवाणी कायदा कलमवार लिहून काढला, त्या ‘मजल्ला’तही तो आहे. परवानगीशिवाय रस्त्यात विहीर खणली आणि त्यात कोणाचे जनावर पडून मेले, तर खणणाऱ्याने भरपाई द्यायची. यावर ठेकेदार म्हणेल, माझ्याकडे तर वर्क ऑर्डर आहे. असेल. ती खणण्याची आहे, अंधारात उघडे ठेवण्याची नाही. रस्त्यातला काटा बाजूला करणे हा ईमानचा हिस्सा, हे आपण मदरशात मुलांना पाठ करून घेतो. काटा टाकणाऱ्याचे काय, हे मोठ्यांनाही विचारले पाहिजे.

भाभी इद्दतमध्ये होत्या. आतून त्यांनी एकच विचारले, “सर, सही केली तर त्या कागदातलं ‘स्वतःच्या मृत्यूस’ जाईल का?”

“नाही,” मी म्हटले.

“मग नको.”

पाकीट परत गेले. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतरची कामे कंटाळवाणी आहेत, पण कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. मोटारसायकलची पॉलिसी चालू होती आणि लायसन्सही. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तिच्यात होता आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. घरात कोणाला हे माहीतच नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख भरपाई ठरवली आणि ती रक्कम ठेकेदारासह जबाबदार असलेल्यांकडून वसूल करायला सांगितले. खणलेली मोरी त्यात बसते का, यावर वाद होईल. होऊ दे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिला आहे. कामाचा करारनामा माहितीच्या अधिकारात मागितला आहे, कारण सुरक्षेच्या अटी त्यातच असतात.

आणि एक फोटो मिळाला. पहाटे सहाला दूध घालायला निघालेल्या मुलाने काढलेला. त्यात बॅरिकेड नाही, बाण नाहीत, फलक नाही. फक्त तो ड्रम, आडवा पडलेला. पुरवणी जबाब लिहून देताना मी पहिले वाक्य तीनदा खोडले आणि मग कर्त्यापासून सुरुवात केली. ‘सदर ठेकेदाराने...’