थोडे दुखेल

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आम्ही उभयतांनी आमच्या सहा वर्षांच्या मुलीला एक खोटी गोष्ट सांगितली. "तू झोपशील, उठशील, आणि मुळीच दुखणार नाही." आईने हे सांगितले आणि बाबांनी त्यावर मान डोलावली. मुलीने विश्वास ठेवला, कारण तोवर आमच्यावर अविश्वास ठेवण्याचे तिला काही कारण पडले नव्हते.

तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र होते. डावीकडचे शुद्ध रक्त पुन्हा उजवीकडे शिरे आणि फुप्फुसांचा फेरा विनाकारण दुसऱ्यांदा करी. मुलगी खेळे, धावे; वरून काही दिसत नसे. पण छिद्र मोठे आणि पडद्याच्या अगदी कडेला असल्यामुळे, पायाच्या शिरेतून छत्रीसारखे उपकरण नेऊन ते बुजवण्याचा सोपा मार्ग बंद होता. बदलीने आम्हाला चेन्नईस येऊन तीन वर्षे झाली होती. "आपल्या माणसांत घेऊन या," असे पुण्याहून रोज फोन येत. डॉक्टरांवर विश्वास बसला होता, म्हणून आम्ही येथेच राहिलो.

त्या दिवशी बाकावर बसून आम्ही एका परक्या बापाचा विचार करीत होतो. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अठरा वर्षांच्या एका मुलीचे असेच छिद्र बुजवले. पण ते यंत्र तेव्हा भरवशाचे नव्हते. म्हणून पुढच्याच वर्षी मिनिआपोलिसच्या डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी एका तान्ह्या मुलाशेजारी त्याच्या बापालाच निजवले, आणि नळ्यांनी दोघांचे रक्ताभिसरण जोडून बापाचे हृदय व फुप्फुसे दोघांसाठी राबवली. तो मुलगा अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला. पुढे या रीतीने शस्त्रक्रिया झालेल्या ४५ रुग्णांपैकी २८ जण मात्र बरे होऊन घरी गेले. आम्हाला त्या बापाचा हेवा वाटला. त्याला आपले रक्त देता आले. आम्ही दिले होते ते एक खोटे वाक्य.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. हृदयावरणाच्याच तुकड्याचे ठिगळ लावून छिद्र बुजवले होते. संध्याकाळी घशातली नळी निघाली, आणि आम्ही दोघे उशाशी उभे असताना मुलीने परिचारिकेकडे पाहून पहिला शब्द उच्चारला, "तण्णी." म्हणजे पाणी. अंगणातल्या मैत्रिणींकडून ती तमिळ शिकली होती. पण घरात तिने पाणी कधी मराठीखेरीज मागितले नव्हते. भुलीचा अंमल असेल, असे आम्ही मनाला समजावले.

अंमल उतरला, तरी ती आमच्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी छातीतल्या निचऱ्याच्या नळ्या काढायच्या होत्या. सगळी मुले त्या परिचारिकेला अक्का म्हणत. अक्का जवळ बसली आणि म्हणाली, "कोंजम वलिक्कुम." थोडे दुखेल. मग दोघींनी मिळून तीनपर्यंत मोजले. मुलगी रडली, आणि रडतारडताच तिने अक्काचा हात घट्ट धरला. आम्ही हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

तेव्हा आम्हाला उमगले. मराठीत 'दुखणार नाही' असे सांगितले गेले आणि दुखले. तमिळमध्ये 'दुखेल' असे सांगितले गेले आणि सांगितले तेवढेच दुखले. परमुलखात राहून रोज दिवेलागणीला शुभंकरोती म्हणवून घेत मराठी जपणारे आम्ही. आणि आम्हीच तिच्या लेखी ती भाषा खोटी पाडली होती.

पुढचे दिवस शिकण्याचे होते. उशी उराशी धरून खोकायचे, नळीतून श्वास आत ओढून तीन चेंडू वर चढवायचे, हे ती शिकली. तारेने शिवलेले उरोस्थी जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून उचलायचे नाही, एक हात पाठीमागे आणि दुसरा खाली देऊन उचलायचे, हे आम्ही शिकलो. सहा वर्षांच्या सवयीचे हात पुन्हापुन्हा काखेकडे जात. ती मुकाट्याने आमचा हात धरून योग्य जागी ठेवी. त्या दिवसांत तिचे आमच्याशी तेवढेच बोलणे होते.

घरी आल्यावर दोन आठवड्यांनी रक्त तपासायला गेलो. सुई दिसताच तिने कितीतरी दिवसांनी आमच्याकडे सरळ पाहिले.

"दुखेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. या वेळी काही ठरवलेले नव्हते.

"हो, थोडं दुखेल."

ती क्षणभर विचारात पडली. "कोंजम?"

"कोंजम."

तिने एक हात सुईपुढे केला आणि दुसरा आमच्या हातात दिला.