तंजावरच्या भिंतीवरची मराठी

दरवर्षी जानेवारीत आम्ही पाच मैत्रिणी चार दिवसांसाठी घराबाहेर पडतो. पाचहीजणी हैदराबादच्या, एकाच मराठी शाळेतल्या, एकाच वर्गातल्या. साठी उलटल्यापासून हा नेम ठेवला आहे आणि आजवर मोडलेला नाही. यंदा कुठे जायचं यावर नेहमीप्रमाणे दोन महिने फोनाफोनी झाली. राजस्थानात थंडी फार, केरळ दोघींचं पाहून झालेलं. शेवटी आमच्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, तंजावरला मराठ्यांनी पावणेदोनशे वर्षं राज्य केलं आणि आपण अजून तिकडे फिरकलोसुद्धा नाही!" ठरलं. तंजावर आणि कुंभकोणम.

चेन्नईला गाडी बदलून पहाटे तंजावरला उतरलो. एक सांगून ठेवते. देवळात सकाळी लवकर जा आणि पिशवीत जाड मोजे ठेवा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दहानंतर तिथल्या दगडी फरशीवर पाय टेकवत नाही. जानेवारीतसुद्धा!

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं, ते 1010 साली पूर्ण झालं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, सुमारे 66 मीटर उंच आहे. आपल्याला दक्षिणेतली उंच गोपुरं बघायची सवय असते. इथे उलट आहे, दारावरची गोपुरं बुटकी आणि गाभाऱ्यावरचा मनोरा आभाळात गेलेला. गाईडने दोन गोष्टी ठासून सांगितल्या. वरचा कळसाखालचा दगड अखंड आणि 80 टनांचा आहे, आणि विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. पहिलीबद्दल अभ्यासकांचं म्हणणं असं, की तो घुमट अनेक दगड जोडून केलेला आहे. दुसरीबद्दल वाद घालायची गरजच नव्हती, कारण हे ऐकताना आम्ही पाचहीजणी त्या सावलीतच उभ्या होतो. ऊन लागत होतं ना!

मला मनोऱ्यापेक्षा खालच्या जोत्यावरचे तमिळ शिलालेख जास्त आवडले. अर्थात वाचता आले नाहीत, गाईडने सांगितलं तेवढंच. देवळाच्या सेवेत नेमलेल्या सुमारे 400 नर्तकींची नावं राजराजाने त्यात कोरून ठेवली आहेत. कोण कुठल्या गावाहून आली, कुठल्या रस्त्यावरचं कितवं घर तिला दिलं, हेसुद्धा. हजार वर्षांपूर्वीच्या बायकांचे पत्ते दगडावर शाबूत आहेत.

मोठा नंदी नायक राजांच्या काळातला. कोपऱ्यातलं गणपतीचं देऊळ मात्र आपल्या सरफोजीराजांचं. आणि तिथून जवळच, प्राकाराच्या ओवरीच्या भिंतीवर, ज्यासाठी आम्ही आलो होतो तो मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे देवनागरीत कोरून घेतला. पाटीवर चार ओळी असतील अशी माझी कल्पना होती. इथे भिंतच्या भिंत भरलेली! अक्षरं ओळखीची, पण शब्द सलग लिहिलेले, त्यामुळे एक ओळ लावायला पाच मिनिटं लागली. "शाहाजी" लागलं, "येकोजी" लागलं. आमच्यातल्या गणिताच्या बाई भिंतीला नाक लावून मोठ्याने वाचायला लागल्या, तशी शेजारची तमिळ कुटुंबं आम्हांलाच बघायला थांबली. त्यांना ती नक्षी वाटत असावी, आणि ती वाचणाऱ्या बायका त्याहून नवलाच्या.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. त्यांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतलं. 1855 मध्ये गादीला पुरुष वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. खरा कारभार तर 1799 च्या तहानेच इंग्रजांकडे गेला होता, सरफोजींच्या हाती किल्ला आणि राजवाडा तेवढा उरला. डॉक्टरीणबाईंच्या मते म्हणूनच तो माणूस ग्रंथांकडे वळला. मला तसं वाटत नाही. श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली तो लहानपणापासून शिकलेला होता, ती ओढ आधीचीच असणार. यावर राजवाड्याच्या पायऱ्यांवर आमचं अर्धा तास भांडण झालं.

राजवाडा आता बराचसा जुनाट दिसतो. पण सरस्वती महाल ग्रंथालय चुकवू नका. 40 हजारांहून अधिक हस्तलिखितं इथे आहेत, ताडपत्रावरची आणि कागदावरची, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. पर्यटकाला फक्त छोटं संग्रहालय बघता येतं, तेवढ्यातही दोन तास गेले. सरफोजींच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून. डॉक्टरीणबाई तिथून हलेचनात. सरफोजींनी 1805 मध्ये देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, 'बालबोध मुक्तावली' या नावाने, 1806 मध्ये. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक पुस्तक मुंबई-पुण्यात नव्हे, कावेरीकाठी निघालं!

गणिताच्या बाई मात्र एका मोडी कागदासमोर उभ्या होत्या. बराच वेळ. मग त्यांनी आम्हांला जे सांगितलं ते चार दशकांच्या मैत्रीत कधी सांगितलं नव्हतं. शहालीबंड्यातलं त्यांचं माहेरचं घर पाडून तिथे अपार्टमेंट होणार आहे. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली, मोडी कागदांनी भरलेली. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की त्यात निजामाने दिलेल्या जहागिरीची सनद आहे. भावांनी एका वकिलाला दाखवली, त्याला वाचता येईना. आता भाऊ म्हणतात, जागा नाही, रद्दीत घाला. महिनाअखेरची मुदत होती. बाईंनी काही कागदांचे फोटो मोबाइलमध्ये घेतले होते.

संध्याकाळी चौकशी करत करत आम्ही एका मराठी घरी पोचलो. तंजावर भागात अजून मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. पिढ्या इथेच गेलेल्या. त्यांचं बोलणं ऐकून आधी हसू येतं, मग गप्प व्हायला होतं. हेल पूर्ण तमिळ, मध्येच तमिळ शब्द, आणि त्यात असे जुने मराठी शब्द की माझ्या आजीनंतर मी ते ऐकलेच नव्हते. त्या घरच्या सूनबाईंना देवनागरी वाचता येत नाही, आरत्या त्या तमिळ लिपीत लिहून ठेवतात. पण घरात बोलायची ती मराठीच. आमच्या नातवंडांचं बरोबर उलटं आहे, पण तो विषय मी इथे काढत नाही.

घरचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. मोडी शिकलेले, तरुणपणी दप्तराच्या कामात होते. "बसा अम्मा," म्हणाले आणि भिंग मागवलं. मोबाइलचा पडदा मोठा कसा करायचा ते नातवाने दाखवलं. आजोबा हळूहळू लावत गेले. फसली 1281, म्हणजे साधारण 1871. ज्वारी, चार मण. सव्वाईने परत. सहीच्या जागी नांगराची निशाणी. दुसरा कागद तसाच. तिसरा तसाच, फक्त त्यात ज्वारीबरोबर एक बैलही होता.

सनद नव्हतीच. कर्जरोखे होते. ज्वारी देणारे बाईंचे पूर्वज, आणि नांगर काढणारे गावातले कुणबी.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आजोबांनी भिंग पुसून ठेवलं आणि म्हणाले, नावं लिहिली आहेत बघा प्रत्येकाची, गावासकट. मग आतून कॉफी आली.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणम. महामहम तलाव पाहिला, दर बारा वर्षांनी तिथे मोठा मेळा भरतो, पुढचा 2028 मध्ये. पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी प्यालो, तीनदा. गणिताच्या बाईंसाठी रामानुजन यांचं घर पाहिलं, एवढंसं घर, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. तिथून दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर, दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेलं. तंजावरच्या मानाने लहान, पण मला विचाराल तर कोरीवकाम याचं सरस. एकाच डोक्याचा कधी बैल दिसतो, कधी हत्ती, ते शिल्प शोधून बघा. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे आहेत, रथासारखे. त्या मंडपाच्या पायरीवर बसूनच बाईंनी धाकट्या भावाला फोन लावला. "जहागीर नाहीये रे," म्हणाल्या, "पण ट्रंकेला हात लावायचा नाही." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. बाईंनी तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश, वर्गात सांगतात तसं सांगितलं.

बाईंच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून ट्रंक सध्या माझ्या घरी, दिवाणाखाली आहे. तीन कागद वाचून झालेत, बाकीचे दीडशेच्या आसपास असावेत. बाईंनी मोडीची बाराखडी गिरवायला घेतली आहे, 'क' आणि 'फ' मध्ये अजून घोळ होतो. आपल्या मंडळात कुणाला मोडी येत असेल तर कुठल्याही रविवारी सकाळी या. पोहे आमच्याकडे.