घड्याळास वीज केव्हा भरावी?

कोणत्याही उपयुक्त वस्तूची निगा राखावयाची म्हणजे तिला जपून पेटीत ठेवावयाचे नव्हे, तर ज्या घटकेस तिची गरज पडेल त्या घटकेस ती कामास येईल अशा स्थितीत ठेवावयाचे. ही गोष्ट ऐकावयास सोपी खरी. परंतु आचरणात आणू गेल्यास पुष्कळ विचार करावा लागतो. अलीकडे अनेक घरांत दिसू लागलेल्या स्मार्टवॉचच्या संबंधाने मला याचा जो प्रत्यय आला, तो विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्या आईने सत्तरी ओलांडली असून ती आपल्या जुन्या घरी एकटीच राहते. एकदा अंगणात पाय घसरून ती पडली, आणि शेजारीण येईपर्यंत तिला तशीच पडून राहावे लागले. त्यानंतर माझ्या बहिणीने तिच्या मनगटावर ॲपल कंपनीचे स्मार्टवॉच बांधले. मनुष्य जोराने पडल्याचे ओळखण्याची सोय या घड्याळात २०१८ सालापासून आहे. पडलेला मनुष्य सुमारे एक मिनिट निश्चल राहिला, तर ते आपण होऊन मदतीसाठी फोन लावते व नेमून दिलेल्या आप्तांस निरोप धाडते. साध्या प्रकारच्या घड्याळाची ही हाक बहुधा जवळच्या फोनमार्फतच जाते, म्हणून फोनही चालू असावा लागतो. प्रत्येक पडणे त्यास ओळखता येईलच असे नाही. तथापि एकट्या राहणाऱ्या वृद्धेस एवढा आधारही थोडका नव्हे.

मात्र या पहारेकऱ्यास दररोज जेवू घालावे लागते. आईच्या घड्याळाची बॅटरी साधारणपणे १८ तास पुरते असे कंपनी सांगते, आणि दिवसाचे तास तर २४! माझे वडील रात्री निजण्यापूर्वी आपल्या घड्याळास किल्ली देत. त्यास दोन मिनिटेही लागत नसत. या नव्या घड्याळास वीज भरावयाची तर ते हातावरून बराच वेळ उतरवून ठेवावे लागते, आणि तेवढा वेळ पहारा उठतो.

आई प्रथम ते रात्री निजताना उतरवून ठेवी. “झोपेत मला वेळ कशाला पाहायची आहे रे?” असे तिचे म्हणणे. परंतु वृद्ध माणसे रात्री अंधारात उठतात, आणि अर्धवट झोपेत तोल जाण्याचे भय त्या वेळी असतेच. पुढे कोणी सुचविले की, स्नानाच्या वेळी घड्याळ उतरवून ठेवावे. पण ओल्या फरशीइतकी निसरडी जागा घरात दुसरी कोणती? हे घड्याळ पाण्याने बिघडत नाही. साबण तेवढा त्यास लागू देऊ नये, व नंतर ते पुसून कोरडे करावे, म्हणजे झाले. तात्पर्य, ज्या दोन वेळी लोक घड्याळ सहज उतरवितात, त्याच दोन वेळी ते आईच्या हातावर असावयास हवे!

मग आम्ही मायलेकरांनी तिच्या दिवसाचा हिशेब मांडला. सकाळी चहा झाल्यावर ती खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचते. सायंकाळी तशीच बसून आम्हा भावंडांशी फोनवर बोलते. या दोन बैठकींत एकेक तास वीज भरावी असे ठरले. ती घड्याळाकडून दुसरे फारसे काम घेत नसल्याने तेवढी वीज पुरते.

असे थोडे थोडे भरल्याने बॅटरी बिघडेल, अशी शंका तिला एका नातलगाने घातली. पूर्ण रिकामी करून मग पूर्ण भरावी, हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळचा आहे. १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन जातीच्या बॅटरीस तो लागू नाही. ही बॅटरी सिद्ध करण्याच्या कामी झटलेल्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांस २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला दोन्ही टोके सोसत नाहीत: अगदी रिकामी होणे तिला बाधते, आणि काठोकाठ भरून दीर्घकाळ राहणेही बाधते. अर्धी अर्धी दोनदा भरली, तर तो एकच फेरा धरला जातो. अशा १००० फेऱ्यांनंतरही मूळ शक्तीच्या शेकडा ८० पर्यंत शक्ती टिकावी अशी या घड्याळाच्या बॅटरीची रचना आहे. तेव्हा आईच्या दोन बैठकी बॅटरीसही मानवणाऱ्याच आहेत.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता होय. ३५ अंश सेल्सिअसच्या वर हवा तापली असता घड्याळ वापरू नये असे कंपनीच सांगते. आमच्याकडील वैशाखात हा नियम तंतोतंत पाळणे कठीण. परंतु खिडकीतील उन्हात, पत्र्याखाली किंवा उशीखाली घड्याळ चार्जरवर ठेवू नये, हे तर कोणासही साधेल. घड्याळास तारेकरिता छिद्र नसते. फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधलेल्या विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाच्या योगे चकतीतील वेटोळ्याकडून घड्याळातील वेटोळ्यात वीज जाते, आणि तीत थोडी ऊब उत्पन्न होतेच. म्हणून घड्याळाची पाठ व चकती स्वच्छ आणि कोरडी ठेवून ती सावलीत, मोकळ्या हवेत ठेवावीत. महिना दोन महिने घड्याळ वापरावयाचे नसल्यास ते निम्मे भरून, बंद करून ठेवावे.

इतके करूनही बॅटरी कधी तरी थकणारच. तेव्हा ती अधिकृत ठिकाणी बदलून घ्यावी, व जुनी केरात न टाकता परत द्यावी.

ईश्वरकृपेने आईच्या घड्याळास हाक मारण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही. आणि तो न यावा हीच आमची इच्छा. तरी विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी आजोबांच्या किंवा आजीच्या हातावर असे घड्याळ असेल, तर त्यात वीज किती उरली आहे एवढेच पाहून थांबू नका. ते दिवसातून केव्हा उतरविले जाते, हे त्यांच्याजवळ बसून विचारा. आणि तेवढा वेळ तुम्हीच त्यांच्यापाशी बसावयाचे ठरविलेत, तर त्यासारखी दुसरी सोय नाही.