संघात जागा आहे, पण कोणती?

19 मार्च 2025 रोजी शिलाँगमध्ये भारताने मालदीवला फुटबॉलमध्ये 3-0 ने हरवले. तिसरा गोल सुनील छेत्रीचा. त्याचा तो 95 वा आंतरराष्ट्रीय गोल होता. बातमी आनंदाची होती, पण तिच्यातच भारतीय फुटबॉलचे दुखणे होते. छेत्री तेव्हा 40 वर्षांचा होता आणि 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून निवृत्त झाला होता. नऊ महिन्यांनी प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावले, कारण त्याच्या जागी गोल करणारा दुसरा कोणी सापडेना.

सोलापूर हे क्रिकेटचे शहर. तरीही नवी पेठेत रात्री दुकानांची शटर खाली आल्यावर चहाच्या गाड्यावर फुटबॉलवर वाद घालणारे आमच्यासारखे वेडे आहेत. त्यात दुकानांतून काम करणारी बुधवार पेठेतली आमची पोरे आहेत, कॉलेजची मुले आहेत, दुकानमालकांची मुलेही आहेत. छेत्री परत आला तेव्हा तिथे एक वाक्य ऐकू आले: "140 कोटींच्या देशात एक स्ट्रायकर मिळत नाही, आपल्यात टॅलेंटच नाही." आणि फुटबॉलचा विषय पाच मिनिटांत 'मेरिट'वर आणि तिथून 'कोट्या'वर घसरला. हा घसरगुंडीचा रस्ता आमच्या वाचकांना नवा नाही. म्हणूनच या विषयावर लिहितो आहोत. कारण फुटबॉल नीट पाहिला तर तो मेरिटवाल्यांच्या बाजूने साक्ष देत नाही, आमच्या बाजूने देतो.

आधी आकडे पाहू. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली. तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी खेळाडू चालत होते. 2017-18 पासून पाच झाले, 2021-22 पासून चार. म्हणजे आज अकरापैकी किमान सात जागा भारतीयांच्या आहेत. कागदावर पाहिले तर भारतीयांचे बहुमत. आता दुसरा आकडा घ्या. 2014 पासून 2024-25 पर्यंत अकरा हंगाम झाले. सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा 'गोल्डन बूट' या अकरा हंगामांत एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. पहिल्या हंगामात ब्राझीलचा एलानो, मग कोरो, ओग्बेचे, आणि 2024-25 मध्ये 23 गोल करणारा मोरोक्कोचा अजराय. त्याच हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक गोल कोणाचे? 14 गोल, पुन्हा छेत्रीचेच!

सात जागा भारतीयांच्या, तरी गोल करणारा भारतीय नाही. याचे उत्तर सात या आकड्यात नाही, त्या सात जागा मैदानात कुठे आहेत यात आहे. गोलरक्षक भारतीय, दोन्ही बाजूंचे बॅक भारतीय, विंगवर धावणारे भारतीय. आणि संघाचा मधला कणा, म्हणजे सेंटर बॅक, खेळ रचणारा मिडफिल्डर आणि समोरचा नऊ नंबर, तिथे बहुतेक क्लब परदेशी खेळाडू आणतात. मनवीर सिंग हा स्ट्रायकर, पण मोहन बागानने त्याला उजव्या विंगवर खेळवले आणि देशाच्या संघाने मात्र त्याच्याकडून मधोमध गोलांची अपेक्षा ठेवली. इशान पंडिताने 2020-21 मध्ये एफसी गोवासाठी बदली खेळाडू म्हणून उतरून चार गोल केले, तरी सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून मैदानात असण्याचा मान त्याला मिळेना. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पाहा. रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या पुढच्या फळीत खेळला. पुढे आयएसएलमध्ये तो मुख्यतः विंगर झाला.

एकेका निर्णयाला कारण असते. प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या तीन सामन्यांवर टांगलेली असते. तो तयार गोलकरी घेणार, भारतीय पोराला तयार करण्याची जोखीम घेणार नाही. प्रत्येक क्लबने स्वतःपुरता शहाणपणाचा निर्णय घेतला आणि सगळ्यांचा मिळून परिणाम असा की देशात नऊ नंबर तयार करणारी जागाच उरली नाही. ज्याला ती जागा खेळायला मिळत नाही, त्याला ती जागा खेळता येत नाही, आणि मग लोक म्हणतात, टॅलेंटच नाही.

पुढचे सामने याचा पुरावा आहेत. 10 जून 2025 ला हाँगकाँगमध्ये छेत्रीला बाकावर बसवून आशिक कुरुनियनला सुरुवात दिली गेली. आशिकने सोपी संधी दवडली, शेवटी भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर भारत 0-1 ने हरला. आमचे मत तेव्हाही स्पष्ट होते. चाळिशीतल्या माणसाला निवृत्तीतून उठवून आणले असेल तर त्याला पहिल्या मिनिटापासून खेळवा. नाहीतर त्याला घरी राहू द्या आणि ते सगळे सामने एका पंचविशीतल्या स्ट्रायकरला द्या, तो चुकला तरी. मार्केझ यांनी यातले काहीच केले नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील आले. 2017 मध्ये मिझोरामच्या छोट्या ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून देणारा हा माणूस. पाठीची फळी घट्ट, लांब थ्रो, कॉर्नर-फ्री किकवर भर, संधी मिळाली की पळत सुटायचे. अनेकांनी याला मागासलेला फुटबॉल म्हटले. आमच्या मते ही घरात जे पीठ आहे त्याचीच भाकरी थापण्याची रीत होती, आणि काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळवण्याइतकी ती चालली. पण 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरविरुद्ध छांगतेने आघाडी मिळवून दिल्यावरही आपण 1-2 ने हरलो आणि 2027 च्या आशिया कपचा रस्ता बंद झाला. गोलकडे पाठ करून चेंडू धरणारा, दोन बचावपटू अंगावर घेणारा माणूस समोर नसेल तर बचाव कितीही घट्ट असो, चेंडू पुन्हा पुन्हा तुमच्याकडेच येत राहतो. डावपेचाने ही उणीव तात्पुरती झाकता येते, भरता येत नाही.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या प्रकाराचे नाव माहीत असेल. 1970 मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या संघांची तपासणी केली. काळे खेळाडू संघात होते, पण ते कडेच्या जागांवर जास्त आणि मधल्या, निर्णयाच्या जागांवर कमी. याला 'स्टॅकिंग' म्हणतात. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून वेगळा, हातात चेंडू घेऊन खेळायचा खेळ. त्यात क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू असतो. काळ्यांच्या पायात वेग आहे, पण डोक्याचे काम त्यांना जमणार नाही, असा समज तिथे वर्षानुवर्षे पोसला गेला. जानेवारी 1988 मध्ये डग विल्यम्स हा सुपर बोल जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला. 2023 च्या सुपर बोलमध्ये दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे होते. पस्तीस वर्षांत काळ्यांचा मेंदू बदलला नाही, जागा उघडली.

आपल्याला तर अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू हे पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टी सांभाळण्याचे काम करत. सरावाला गोलंदाजी करता करता ते देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला जिंकायचे होते म्हणून त्यांना संघात घेतले, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले नाही. बळी घ्यायला बाळू, निर्णय घ्यायला दुसरे. 1920 मध्ये पुन्हा पळवणकरांना डावलून कर्णधार निवडला, तेव्हा भावांनी जाहीरपणे माघार घेतली. 1923 मध्ये धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. बाळू पुढे 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. तो राजकीय इतिहास आम्ही विसरलेलो नाही. पण मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही. आणि विठ्ठल यांना जागा मिळाली ती कोणाच्या दयेने नाही, भावांनी संघाबाहेर राहण्याची तयारी दाखवली होती म्हणून.

आता नवी पेठेतल्या त्या चहाच्या गाड्यावर परत येऊ. "तुम्हाला कोटा आहे, अजून काय पाहिजे?" असे जो विचारतो, त्याला आमचा प्रश्न असा: सातचा आकडा पाहून तू भारतीय फुटबॉलवर समाधानी आहेस का? नाहीस. मग आमच्याबाबतीत नुसती डोकी का मोजतोस? याच पेठेतल्या दुकानांत बघ. कपाटातून थान काढणारा, ते उलगडून दाखवणारा, पुन्हा घडी घालणारा, गिऱ्हाईकाची पिशवी गाडीपर्यंत नेणारा आमचा मुलगा आहे. गल्ल्यावर कोण बसते? माल कोणता भरायचा हे कोण ठरवते? वीस वर्षे दुकानात काढलेल्या माणसाला धंदा कळत नाही असे नाही, त्याच्याकडे गल्ला कधी आलेला नाही.

सरकारी कचेऱ्यांचेही तेच. संविधानाच्या कलम 16(4) मध्ये 'पुरेसे प्रतिनिधित्व' हा शब्दप्रयोग आहे. पुरेसे म्हणजे किती, यावर वाद होतात. पुरेसे म्हणजे कोणत्या पदांवर, हा प्रश्न मागे पडतो. 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने आरक्षण नियुक्तीपुरते मर्यादित केले. पदोन्नतीचा दरवाजा उघडण्यासाठी 1995 मध्ये 77 वी घटनादुरुस्ती करून कलम 16(4अ) आणावे लागले. तरीही महाराष्ट्रात 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतल्या आरक्षित जागा सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरवले गेले. म्हणजे आत या, पण मधल्या कण्यात येऊ नका. बॅक खेळा, विंगवर धावा, नऊ नंबर मागू नका.

इथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. परदेशी खेळाडू हा आपला शत्रू नाही आणि तो सवर्णही नाही. तो करारावर राबणारा कामगार आहे. आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंना आपल्याच प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी शेरे ऐकावे लागतात, आणि त्या प्रेक्षकांत जयभीमवाला कधीही नसावा. आमचा आक्षेप जागा वाटणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

"नियमाने भारतीय स्ट्रायकर खेळवला तर दर्जा घसरेल," असे म्हणतात. पहिला एक-दोन हंगाम घसरेलही. पण दर्जा राखण्याच्या नावाने अकरा हंगाम जागा बंद ठेवून काय मिळाले? निवृत्त माणसाला परत बोलवावे लागले. म्हणून आमचे मत असे आहे की परदेशी खेळाडूंची संख्या आणखी कमी करण्यापेक्षा प्रत्येक क्लबने समोरच्या फळीत मधोमध एक भारतीय ठरावीक मिनिटे खेळवावा, असा नियम हवा. संख्येचा नियम झाला, आता जागेचा नियम करा. नियम झाला की क्लब पैसा लावतील, प्रशिक्षक वेळ देतील, आणि बॅकवर ढकललेला एखादा पोरगा पुन्हा गोलसमोर उभा राहील.

हीच कसोटी आपण आपल्या मंडळांनाही लावली पाहिजे. 14 एप्रिलच्या निमित्ताने स्पर्धा भरतात, मिरवणूक निघते, व्याख्याने होतात. तिथे माईक कोणाच्या हातात असतो आणि सतरंज्या कोण घालते? महिला कार्यकर्त्या पहिल्या रांगेत बसतात, पण खर्चाची वही त्यांच्याकडे असते का? कर्णधार नेहमी ठरलेल्या घरातलाच का असतो? जयंतीची पुढची बैठक बसेल तेव्हा कार्यकारिणीत किती तरुण, किती स्त्रिया एवढ्यावर थांबू नका. अध्यक्ष कोण, खजिनदार कोण, वक्ते कोण ठरवते, हे विचारा. उत्तर आवडले नाही तर तिथेच हात वर करून ती जागा मागा.

आणि नवी पेठेत पुन्हा कोणी 'टॅलेंट नाही' म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याला अकरा हंगामांचे गोल्डन बूट मोजायला सांगा, आणि मग त्याच्याच दुकानातला गल्ला दाखवा.

जय भीम!