एका पंगतीतली दोन गिधाडे

पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड या दोन्ही जाती ‘जिप्स’ या एकाच प्रजातीत, म्हणजे निकटच्या नात्यातील जातींच्या गटात, मोडतात आणि मेलेल्या ढोरावर त्या पूर्वी एकत्रच तुटून पडत. पहिली जात आकाराने लहान, काळपट, आखूड व दणकट चोचीची. दुसरी थोराड, फिकट तपकिरी. ज्या पांढऱ्या पाठीवरून पहिल्या गिधाडाला नाव मिळाले ती कोवळ्या पक्ष्याला नसते, वयाबरोबर ती उजळत जाते. त्यामुळे अशा पक्ष्याची ओळख पटवताना चोच नीट पाहावी लागते.

मात्र रंगरूपापेक्षा घरट्याच्या जागेतला भेद अधिक खोल आहे. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडावर घरटे बांधते, रायगड जिल्ह्यातील म्हसळा-श्रीवर्धनकडे तर आंब्यावर आणि माडावरही. लांब चोचीचे गिधाड नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या कड्यांच्या कपारीत राहते, जिथे विष्ठेचे पांढरे ओघळ लांबूनच त्याचा ठावठिकाणा सांगतात. दोघांचेही एका विणीत अंडे एकच, म्हणून झालेली हानी भरून यायला पिढ्या लागतात.

ही हानी केली ती डायक्लोफिनॅक या, जनावरांची सूज व वेदना कमी करणाऱ्या, औषधाने. ते टोचलेले ढोर लवकरच मेले, तर त्याच्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि रक्तात साचलेले युरिक आम्ल काळजावर, यकृतावर खडूसारख्या पांढऱ्या थराच्या रूपाने बसते. शंभरातले एखादे मढे विषारी असले तरी अख्खा थवा त्याच्यावर जेवतो, त्यामुळे एवढेही विनाशाला पुरते. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे 99.9 टक्के घटली, तर लांब चोचीची व तिच्या सख्ख्या निमुळत्या चोचीच्या जातीची मिळून जवळजवळ 97 टक्के. या दोन आकड्यांतील अंतरात दिलासा शोधणे चूक ठरेल. माणसाचा हात न पोहोचणारा कडाही ताटातल्या विषापुढे निरुपयोगी ठरला.

2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपी 3 मिलीलिटरपुरती मर्यादित झाली. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय दोन्ही जातींना सारखाच तारक आहे. घरट्यांचे रक्षण मात्र वेगवेगळ्या रीतीने करावे लागते: कड्याला विणीच्या हंगामात शांतता पुरते, तर माड कुणाच्या तरी वाडीतला असतो आणि तो मालक राजी असेल तरच त्यावरचे घरटे टिकते.