आधी ब्रेक, मग ॲव्हरेज



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात कुणी नवी गाडी दारात उभी केली, की बघायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" २०१६ साली मोटरसायकल घेताना आम्हीही तेवढंच विचारलं. दुकानात दोन गाड्या समोर होत्या. एक लिटरला ६० किलोमीटर देणारी, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. दुसरी थोडी जड, रुंद टायरची, पुढे डिस्क ब्रेक. पण ५५ देणारी आणि काही हजारांनी महाग. आम्ही पहिली घेतली आणि मोठं शहाणपण केलं असं समजून पेढे वाटले.

२०१८ च्या पोळ्याला सौंसरहून पांढुर्ण्याला मामाकडे निघालो. चौथीतली आमची मुलगी मध्ये बसली होती. जामसावळीच्या पुढे बागेतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर चिखल आणला होता, वरून पावसाची भुरभुर. अचानक बैलजोडी आडवी आली. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि तिघेही रस्त्यावर! आम्हा दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मुलीच्या नव्हतं. तिच्या मापाचं घेऊ घेऊ म्हणता राहूनच गेलं होतं. तिच्या कपाळाला सात टाके पडले, डावा हात मोडला.

दवाखान्यातून घरी आल्यावर आबा एवढंच बोलले, "पोरीपरीस पेट्रोल महाग झालं का रे?"

त्या रात्री आम्ही वही घेऊन हिशेब मांडला. महिन्याचं फिरणं साधारण ३०० किलोमीटर. ६० च्या हिशेबानं पाच लिटर, ५५ च्या हिशेबानं साडेपाच. म्हणजे महिन्याला अर्धा लिटर पेट्रोल वाचवण्यासाठी आम्ही चांगला ब्रेक सोडला होता. बरं, ते ६० तरी कुठे मिळत होतं? टाकी फुल करून, पुन्हा फुल करेपर्यंतचे किलोमीटर मोजले तर ४८ च भरले. चाकांत हवा कमी, आणि क्लचवर सतत बोटं. हवा बरोबर ठेवली, गाडी वेळेवर सर्व्हिसिंगला नेली, वेग सारखा ठेवला, तेव्हा हळूहळू आकडा वाढला. पेट्रोल वाचवणं गाडीइतकंच चालवणाऱ्याच्या हाती असतं.

आणखी एक खोड मोडली. पूर्वी जिल्ह्याच्या कामाला छिंदवाड्याला जावं लागे. सिल्लेवानी घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवल्याचा आनंद आम्ही घेत असू. पण मग इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत तर थ्रॉटल सोडून गिअरमध्येच उतरलं, तर इंजिन पेट्रोल घेणं जवळजवळ थांबवतं. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि आमचा घाट सुटला, पण तो धडा सुटला नाही.

२०२० साली स्कूटर घेतली ती आधी ब्रेक पाहून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांवर एकत्र लागणारे ब्रेक, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या तासाला विचारून पाहावं : वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागतं. चिखलात त्याहूनही जास्त.

आता आमची मुलगी अकरावीत आहे. "मैत्रिणी स्कूटी आणतात, मीही नेते," असा हट्ट तिनं धरला. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. घरची स्कूटर ११० सीसीची. त्यासाठी अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण आम्ही तिला कायदा सांगितला नाही. आरशात कपाळावरची खूण दाखवली, आणि चूक आमची होती हेही कबूल केलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे, सायकल काढते. पण तिचे ब्रेक आधी नीट करून द्या."

पालकहो, यंदा दारात गाडी येणार असेल, तर सोबत घरात जितकी डोकी तितकी हेल्मेट येऊ द्या. आणि कुणी ॲव्हरेज विचारलं, तर आधी ब्रेक दाखवा.