तळघरात जायचं की नाही?

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा १९६८चा सिनेमा इंटरनेटवर राजरोस फुकट मिळतो आणि ती चोरी नाही. प्रदर्शनाआधी नाव बदललं, तेव्हा नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानं तेवढ्यावरून सिनेमा सगळ्यांचा झाला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचं नुकसान झालं. मी मात्र त्याच कृपेनं तो मोबाइलवर चारदा पाहिलाय. (पुढे शेवट सांगणार आहे, तेव्हा आधी बघून या.)

खर्च सव्वा लाख डॉलरच्याही आत. पिट्सबर्गजवळचं एक फार्महाउस, कृष्णधवल फिल्म, रक्त म्हणून चॉकलेट सिरप. मुडदे तर इतके संथ की चालत निघालं तरी मागे पडतील. पहिल्यांदा मला त्यांचं हसूच आलं होतं.

भीती वाटते ती घरातल्या माणसांची. बेन म्हणतो, दारं-खिडक्या ठोकून वरच थांबू. कूपर म्हणतो, तळघरात जाऊन कडी लावू. बेन धीराचा, कूपर भित्रा आणि खेकसणारा. आपण लगेच बेनच्या बाजूचे होतो. माझा रूममेट मात्र पहिल्यापासून कूपरच्या बाजूनं होता. “माणूस खडूस आहे म्हणून चुकीचा ठरत नाही रे,” तो म्हणाला. त्यावर आमचं चांगलंच वाजलं. पण शेवटी फळ्या तुटतात, आणि बेन रात्र काढतो ती तळघरातच! आवडत्या माणसाचं पटतं, नावडत्याचं ऐकूच येत नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर हे रोज चालतं.

सकाळी मदत येते. बंदूकवाले लोक मुडदे टिपत येतात. बेन वर येतो, आणि खिडकीतला तो त्यांना मुडदाच वाटतो. एक गोळी, कपाळात.

बेन झालेला ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता. भूमिका तशी लिहिलेली नव्हती. ऑडिशन त्याचीच सर्वांत चांगली झाली, असं रोमेरो सांगायचा. सिनेमाची प्रिंट घेऊन तो न्यूयॉर्कला निघाला होता, तेव्हा गाडीतल्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी लागली.

श्रेयनामावलीत नुसते स्थिर फोटो आहेत, जुन्या वर्तमानपत्रात असावेत तसे भरड. हातात आकडे घेतलेली माणसं बेनला ओढून चितेकडे नेतात. तिथे स्किप करू नका.